पानशेतचा ‘वर्धापनदिन’ म्हणायचं का?

नदीकाठ: पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ ला. आमची सोसायटी त्यातल्या पूरग्रस्तांसाठीच वसली. ६५ वर्षं झाल्याचा फलक लावायचाय, मजकूर इंग्रजीतून आला होता. मी मराठीत ‘६५वा वर्धापनदिन’ लिहिलं. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं वाचलं आणि कागद परत दिला, “वर्धापन कसलं, पुराचं?” मग ‘स्मृतिदिन’ केलं, तर समितीतले एक काका म्हणतात, तो माणसाचा असतो, घटनेचा नाही. काय लिहू?

धातुसाधित: आत्याबाईंचं बरोबर आहे. वर्धापन ‘वृध्’वरून, म्हणजे वाढ. संस्थेचा होतो, दुकानाचा होतो. संस्कृत कोशात वाढदिवसाचा विधी आणि नाळ कापणं असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे जन्माचाच शब्द. ‘वर्षपूर्ती’ही टाळा, त्यात काही संकल्प पुरा झाल्याचा भाव येतो.

रोजची मराठी: मुळावर जायचं तर ‘जयंती’ हे कृष्णजन्माच्या रात्रीच्या रोहिणीयोगाचं नाव. आज आपण सगळ्या थोरांची जयंती करतोच ना? स्मृतिदिन घटनेचा खुशाल चालतो.

तेरणाकाठ: आमच्याकडे ३० सप्टेंबरला बहुतेक जण दिवसाला नाव देतच नाहीत. १९९३ साली विसर्जन करून माणसं झोपली आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. माझी आई अजून मुलांची वयं ‘भूकंपाच्या आधी दोन वर्षं’ अशी सांगते. पहिल्या सालाला आजी ‘वर्षश्राद्ध’ म्हणाली होती, पुढे तिनंही तो शब्द काढला नाही.

मावळातला: मला दुसराच शब्द खटकतो. फलकावर ‘पानशेतचा पूर’ लिहिणार ना? धरण पुरतं बांधून व्हायच्या आत त्यात पाणी साठलं. पाणी सोडायच्या मार्गाच्या बांधकामात लोखंड वापरलेलं नव्हतं. बांध खचायला लागला तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी पानशेत फुटलं, मग त्या लोंढ्यानं खडकवासलाही. याला पूर म्हटलं की सगळा दोष पावसावर जातो. ‘धरणफुटी’ लिहा.

नदीकाठ: पण आत्या अख्खं आयुष्य ‘पुराच्या आधी’, ‘पुरानंतर’ असंच मोजते. तिचा शब्द मी कसा खोडू?

रोजची मराठी: खोडू नका. ज्यांची घरं गेली त्यांनी दिलेलं नाव आहे ते. कोशकारांनी मागाहून येऊन बदलायचं नसतं.

मावळातला: नाव राहू द्या, पण क्रियापद बघा. पूर ‘येतो’. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, माझी बहीण तिथंच राहते. तिनं फोनवर ‘पूर आला’ म्हटलं नाही, ‘पाणी सोडलं’ म्हणाली.

धातुसाधित: ‘सोडलं’मध्ये तरी कर्ता कुठं दिसतो?

मावळातला: दिसत नाही, पण विचारता येतो. कुणी सोडलं, कधी, आधी सांगितलं होतं का? ‘आला’पुढे हे प्रश्न उभेच राहत नाहीत. आणि आणखी एक. धरण फुटून घर गेलं तो ‘पूरग्रस्त’, धरणात गाव बुडालं तो ‘धरणग्रस्त’. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मुळशीचे शेतकरी लढले, ते दुसऱ्यांतले. दोघांच्या नशिबी धरणच, पण पहिल्याच्या नावातून ते पुसलं गेलं.

तेरणाकाठ: हे कधी लक्षात आलं नव्हतं. मग ‘भूकंपग्रस्त’चं काय? आमच्याकडे माणसं दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपरांखाली गेली, नुसत्या हादऱ्यानं नाही.

धातुसाधित: ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला. ग्रहणातला ‘ग्रास’ही त्याच धातूचा. तेव्हा माळवदग्रस्त म्हणायला व्याकरणाची हरकत नाही.

रोजची मराठी: शब्द घडवायला हरकत नसेल, पण असं कुणी बोलत नाही.

नदीकाठ: फलक शुक्रवारी छापायला जातोय. स्मृतिदिनावर कुणाचा ठाम आक्षेप?

तेरणाकाठ: त्याआधी एक सांगा, पूरग्रस्तांना सुरुवातीला दिलेल्या त्या अर्धगोल पत्र्याच्या घरांना तुमच्या आत्या ‘निसन हट’च म्हणतात का? त्याला मराठी शब्द पडला होता का?