कॅटची दीड वर्षं आधीपासून तयारी: क्लास लावू की घरी करू? (कोल्हापूर)

शाहूपुरीकर: बीकॉम दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॅट, म्हणजे आयआयएमच्या एमबीएची प्रवेश परीक्षा, शेवटच्या वर्षात असतानाच द्यायचीय. राजारामपुरीत एका क्लासला चौकशी केली, फी ऐकून बाबा चहा तसाच ठेवून उठले. गणित बरं आहे, इंग्रजीची धास्ती. सुरुवात कुठून करू?

तिसरी_शिफ्ट: भावा, मी शिरोली एमआयडीसीत नोकरी करत दोनदा दिली. पहिल्यांदा गणिताच्या जिवावर गेलो आणि इंग्रजीत झोपलो. ४ उतारे असतात, ४० मिनिटं संपली तरी चौथा उघडलाच नव्हता. एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही, ४० म्हणजे ४०च. गणित सहा-आठ महिन्यांत उरकतं, वाचनाला वर्ष लागतं. म्हणून आत्ता फक्त वाच. करवीर नगर वाचन मंदिरात बस, इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख घे आणि लेखकाचं म्हणणं एका ओळीत मराठीत लिही. ओळ जमली नाही तर लेख कळला नाही, परत वाच. माझी पहिली पंधरा दिवसांची वही आता बघितली की हसू येतं, नुसते शब्दार्थ!

रंकाळा_चक्कर: मी उलट सांगेन, क्लास लाव. घरी अभ्यास म्हणजे संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. वेळेचा धाक कुणीतरी घालावा लागतो.

तिसरी_शिफ्ट: धाक मॉक (सराव परीक्षा) घालते, फी कमी. पण नुसत्या मॉक देऊन मार्क बघू नको. माझ्या वहीत तीन रकाने होते: आलं नाही, येत असून चुकलं, सोडायला हवं होतं. तिसरा रकाना सगळ्यात लांब. डीआयएलआरला (तक्ते-आलेख आणि तर्काची कोडी) तर निम्मा खेळ सेट, म्हणजे एकाच माहितीवरच्या प्रश्नांचा गट, निवडण्याचा. पहिली पाच मिनिटं नुसते सेट चाळायचे, पेन्सिल खाली. एकाच सेटला चिकटून बसलास की संपला विषय.

जेबीची_वाट: एमबीएची राज्याची सीईटी विसरू नका. २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीला वजाबाकी नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मुंबईचं जमनालाल बजाज हे एमबीए कॉलेज त्यातनं मिळतं. कॅटला बरोबरला ३, चुकलं की १ वजा. पर्याय नसलेल्या, टाइप करायच्या उत्तरांना वजाबाकी नाही. दोन्हींची सवय वेगळी, म्हणून कॅट नोव्हेंबरअखेर झाली की मगच सीईटीचा वेग धरा. आणि हो, बीकॉमचे मार्क सांभाळ. आयआयएम मुलाखतीला बोलावताना दहावी-बारावीचेही बघतात, ते आता बदलत नाहीत.

शाहूपुरीकर: दादा, दहावी ८८, बारावी ७१. बारावीचं दुखणं आहेच.

जेबीची_वाट: मग पदवीला घसरू नकोस, एवढंच.

शाहूपुरीकर: आज वाचन मंदिरात बसलो. एका अग्रलेखाला पंचवीस मिनिटं लागली. ओळ लिहिलीय: "व्याजदर वाढवून महागाई आटोक्यात येईल असं लेखकाला वाटत नाही."

तिसरी_शिफ्ट: का वाटत नाही? तेही त्याच ओळीत बसव.