कॅमेऱ्याचं दुकान जगवायचं तर गिऱ्हाइकानं दोन पैसे जास्त द्यावेत का?

धरमपेठकर

नागपुरात स्वतंत्र कॅमेरा-दुकानं मोजकी उरली आहेत. स्वतंत्र म्हणजे एकाच कंपनीचं शोरूम नाही, आणि टीव्ही-फ्रिजच्या दालनात एका कोपऱ्यात चार कॅमेरे मांडलेलेही नाहीत. मालक स्वतः काउंटरवर उभा असतो, चार कंपन्यांच्या बॉडी आणि लेन्स हातात देतो, जुना माल तपासून घेतो, अशी दुकानं. ती टिकावीत आणि त्यासाठी आपण ऑनलाइनपेक्षा थोडा जास्त भाव द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

धंदा किती आटला ते आधी पाहा. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या 'सिपा' या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ मध्ये तो आकडा ७७ लाखांच्या आसपास होता. गेले ते मुख्यतः खिशातले छोटे कॅमेरे, मोबाइलनं खाल्लेले. पण बुर्डीतल्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या, दुकानाचं रोजचं पोट त्यांच्यावरच चालायचं. त्याआधी रोल, रोल धुणं, अल्बम, पासपोर्ट फोटो होते. आता उरल्यात लाखालाखाच्या बॉडी आणि लेन्स. इथे सल्ल्याची गरज सगळ्यात जास्त, आणि लोक भाव पाहतात तोही रुपया-रुपयानं.

आपल्या भागात या दुकानाची गरज मुंबई-पुण्यापेक्षा जास्त आहे. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला हाकेच्या अंतरावर आहेत. कोअरच्या, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यातल्या, सफारीत मोबाइल नेता येत नाही, म्हणजे फोटो हवा तर कॅमेराच लागतो. लांबचं टिपणारी १५०-६०० मिमीची लेन्स दोन किलोच्या आसपास भरते. ती जिप्सीत तीन तास हातात पेलणार का, हे पडद्यावरचा तक्ता सांगत नाही. आणि पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागली की ती कोणाकडे न्यायची?

वर्धारोड_७

धरमपेठकर भाऊ, गरज मान्य, जास्त भाव अमान्य.

दुकानांबद्दलचा विश्वास ऑनलाइनवाल्यांनी मोडलेला नाही, तो आधीच तडकला होता. बिलाशिवाय घेतलं तर इतके कमी, हे वाक्य कॅमेरा घेणाऱ्यानं कधी ना कधी ऐकलेलं असतं. ग्रे मार्केटचा माल, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेनं न आलेला, त्याला भारतातली वॉरंटी नाही, हे गिऱ्हाइकाला कळतं तेव्हा सर्व्हिस सेंटरनं हात वर केलेले असतात. बॉडीसोबत खोक्यात येणारी किट लेन्स वेगळी काढून विकणं, बॅग-कार्ड 'फ्री' म्हणून देणं आणि किंमत मात्र त्यात धरणं, हे प्रकारही चालत आले. सगळे असं करत नाहीत. पण जो करत नाही तो कोणता, हे नवख्या माणसानं ओळखायचं कसं?

कायदाही आता गिऱ्हाइकाच्या बाजूनं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विकणारा बंगळुरूला असला तरी केस नागपुरात लागते. मग 'दुकान जवळ असतं' या एका कारणासाठी मी आठ-दहा हजार जास्त का द्यावेत?

वरातवाला_भंडारा

मी लग्नाचे फोटो काढतो. वर्धारोड भाऊ, तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही वर्षातून एकदा काही घेता. आमचं रोजचं आहे.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जाते. दुपारी मंडपात फ्लॅश तापून बंद पडते, ट्रिगर पकडत नाही, आणि संध्याकाळी वरात असते. अशा वेळी बुर्डीतल्या दुकानात फोन लावला की भाऊ म्हणतात, पोराला पाठव, माझा फ्लॅश घेऊन जा, तुझा इथे ठेव. ऑनलाइनचं पार्सल उद्या येईल, वरात उद्यापर्यंत थांबून नाही राहत.

अजून एक गोष्ट कोणी बोलून नाही राहिलं. उधारी. लग्नाचे पैसे पार्टी अल्बम हातात पडल्यावर देते, कधी कधी त्याच्याही दोन महिने नंतर. तोवर बॉडी कशी घ्यायची? बँकेला आमचा पगाराचा कागद पाहिजे, तो आमच्याजवळ नाही. दुकानदार चेहरा पाहून देते, चार हप्त्यांत घेते, व्याज लावत नाही. भंडारा, गोंदिया, तुमसरचे कितीतरी स्टुडिओ असेच उभे झाले आहेत. ऑनलाइनचा कमी भाव पाहाले चांगला आहे, पण तो रोखीचा किंवा कार्डाचा भाव आहे. ज्याच्याजवळ कार्ड नाही त्याच्या काय कामाचा?

चंदनगड

मी गडचिरोली जिल्ह्यात राहते, पक्ष्यांचे फोटो काढते. माझी बाजू वेगळी आहे आणि ती थोडी कडू आहे.

नागपूर आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या वर. एका लेन्ससाठी सुट्टी टाकायची, बसनं यायचं, बुर्डीत गर्दीतून वाट काढायची, आणि काउंटरवर पहिला प्रश्न काय, तर 'कोणासाठी घ्यायचा आहे, मॅडम?' मी अॅपर्चरबद्दल विचारते आणि उत्तर सोबत आलेल्या भावाकडे बघून दिलं जातं. महाग लेन्स कपाटातून काढायलाही टाळाटाळ होते, कारण मी घेईन असं त्यांना वाटत नाही. पडद्यावर मला कोणी हे विचारत नाही. लेन्सचे नमुना-फोटो, वजन, जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो, सगळं शांतपणे वाचता येतं. माझ्यासारख्यांना ऑनलाइन बाजारानं या छंदात आणलं. स्वस्त होता हे कारण दुसरं.

दुकान टिकावं असं मलाही वाटतं. पण जास्त भाव मागण्याआधी कपाट सगळ्यांसाठी सारखं उघडा.

काउंटरमागचा

मी अशा दुकानात बरीच वर्षं काम केलं आहे, आता दुसऱ्या धंद्यात आहे. चंदनगड ताईंनी लिहिलं ते खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्याला काही सबब नाही.

पण भावाचं गणित आतून कसं असतं ते सांगतो. कंपनी एमओपी, म्हणजे बाजारात विकायचा भाव, ठरवते, त्याच्या खाली विकायचं नाही. नवीन बॉडीवर डीलरला उरतं ते इतकं बारीक की गिऱ्हाइकानं क्रेडिट कार्ड घासलं तर त्यातला मोठा वाटा मशीनच्या चार्जमध्येच जातो. ऑनलाइनवर दिसणारी बँकेची सूट आम्हाला देताच येत नाही, कारण ती बँकेबरोबरच्या करारातून येते. एवढ्याशा दुकानाशी असा करार कोण करणार?

खरी भीती पडून राहिलेल्या मालाची असते. माउंट म्हणजे बॉडीला लेन्स अडकवायची जागा. ती बदलली की जुन्या लेन्स मागे पडतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आला होता. २०१८ मध्ये निकॉननं झेड आणि कॅनननं आरएफ माउंट आणला आणि सगळ्यांची नजर मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे, वळली. कपाटातल्या डीएसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या, लेन्स चांगल्याच होत्या, पण त्या मागणारा माणूस कमी होत गेला. ते पैसे मालकाचे होते, बरेचदा कर्जाचे. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला, ते बरंच झालं. पण तेव्हाही जुन्या भावानं भरलेला माल नव्या भावानं विकावा लागला.

आणि लोक दोन तास कॅमेरा हाताळतात, सल्ला घेतात, खोक्यावरचा मॉडेल नंबर मोबाइलमध्ये टिपतात आणि जातात. हे रोज होतं.

वर्धारोड_७

काउंटरमागचा भाऊ, तुमच्या लिहिण्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. खोकं विकण्यात काही उरत नसेल, तर खोक्यावर जास्त भाव मागून दुकान किती दिवस तगेल? सेवा विका. सेन्सर साफ करणं, वापरलेला कॅमेरा तपासून शटर काउंटसकट (त्यानं आजवर किती फोटो काढले तो आकडा) लेखी देणं, लेन्स भाड्यानं देणं, याचा दरफलक भिंतीवर लावा. मी कुठूनही घेतलेला कॅमेरा आणीन आणि लिहिलेले पैसे मुकाट्यानं देईन. पण 'आमच्याकडून घेतला नाही ना' असं म्हणून तोंड फिरवायचं नाही.

एक मात्र लक्षात घ्या, जुन्या कारागिरीतली काही कामं आता लागतच नाहीत. डीएसएलआरमध्ये फोकस किंचित पुढे-मागे पडायचा, ते जुळवून घ्यायला दुकानात जावं लागे. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, तो दोष जवळपास संपला.

काउंटरमागचा

तो संपला, धुळीचा वाढला. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नाही. ताडोब्याच्या रस्त्यावर एप्रिलमध्ये चालत्या जिप्सीत कोणी लेन्स बदलली की थेट सेन्सरवर धूळ, आणि आकाशाच्या प्रत्येक फोटोत तोच काळा ठिपका. घरी फुंकर मारून थुंकी उडवलेले सेन्सर आमच्याकडे यायचे. ओल्या स्वॅबनं साफ करायला हात बसलेला लागतो.

बुरशीचंही तेच. सुरुवातीला पाहिली तर पुढची काच उघडून निघते. कोटिंग खाल्लं गेलं की साफ करूनही डाग राहतो. जून लागायच्या आधी ड्राय कॅबिनेट घ्या, निदान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते अधूनमधून तापवून कोरडं करा, एवढं सांगणारा माणूस मे महिन्यात भेटला तर लेन्स वाचते. या सांगण्याचा दर फलकावर कसा लिहायचा, वर्धारोड भाऊ?

रोलवाली

मी चित्रकला शिकते. आमच्या वर्गात बऱ्याच जणांनी घरातले जुने फिल्म कॅमेरे बाहेर काढलेत. रंगीत रोल धुवायला रसायन ३८ अंशांच्या जवळ स्थिर ठेवावं लागतं, आणि मशीनमधलं रसायन ताजं राहायला रोज पुरेसे रोल यावे लागतात. रोल कमी आले की लॅब बंद, लॅब बंद झाली की रोल आणखी कमी. काळा-पांढरा आम्ही स्वतः धुतो. त्याला २० अंश लागतात आणि मे महिन्यात टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, म्हणून बादलीत बर्फ टाकतो. ही युक्ती एका दुकानातल्या काकांनी शिकवली, एक पैसा न घेता. त्यांच्याकडे रोल ऑनलाइनपेक्षा थोडा महाग मिळतो. मी तिथूनच घेते. माझ्यासाठी तीच त्यांची फी आहे.

धरमपेठकर

रोलवाली ताईंनी माझं म्हणणं माझ्यापेक्षा नेमकं लिहिलं.

वर्धारोड भाऊ, दरफलकाला माझा पूर्ण पाठिंबा. पण त्यानं सगळं भागत नाही. चंदनगड ताईंना जी लेन्स हातात घेऊन पाहायची आहे ती कपाटात ठेवायलाच लाख-दीड लाख अडकतात. वरातवाला भाऊंना मिळते ती उधारीसुद्धा त्याच गल्ल्यातून निघते. सेन्सर साफ करण्याच्या चार-पाचशे रुपयांतून हे भांडवल उभं राहत नाही. ते विक्रीतूनच यायला हवं. आणि विक्री ऑनलाइनला, सेवा दुकानाला अशी वाटणी केली तर कपाटात बघायला काही राहणार नाही.

वर्धारोड_७

मग तफावत किती असावी ते लिहा ना. दोन टक्के? मी देईन. आठ टक्के? नाही देणार, आणि दुसऱ्यानंही द्यावेत असं मी म्हणणार नाही. लग्नवाल्या भावांना उधारी मिळते त्याचा खर्च पगारदार गिऱ्हाइकानं भावात का भरावा, हाही प्रश्न आहेच.

वरातवाला_भंडारा

आमच्या उधारीचा खर्च तुमच्यावर नका टाकू, हे मान्य. दुकानदारानं आमच्यावर रास्त व्याज लावावं, आम्ही देऊ. फुकट पाहिजे असं मी कधीच म्हटलं नाही.

चंदनगड

टक्क्यांच्या वादात मला एवढंच मांडायचं आहे. दुकानानं एक डेमो लेन्स ठेवावी. तिचं एका दिवसाचं भाडं आगाऊ घ्यावं, ओळखपत्र ठेवून घ्यावं, आणि ती उमरेड-कऱ्हांडल्याला एक सकाळ वापरून पाहू द्यावी. घेतली तर भाडं किमतीतून वजा, नाही घेतली तर भाडं दुकानाचं. असं कोणी नागपुरात करत असेल तर मी बसनं येईन, आणि दोन-तीन टक्के जास्त देऊन लेन्स तिथूनच घेईन. काउंटरवर माझ्याशी माझ्याकडे बघून बोललं गेलं पाहिजे, ही अट मात्र सोडणार नाही.