ग्रेट ओशन रोड – स्वस्तातली डे टूर कुठली घ्यावी? (मदत हवी आहे, जरा घाई आहे)

घाईतला_पुणेकर
नमस्कार. ऑस्ट्रेलियात ग्रेट ओशन रोडची, म्हणजे तिथल्या समुद्राकाठच्या रस्त्याची, मेलबर्नहून एक दिवसाची टूर करायची आहे. दोन टूर बघून ठेवल्यात. एक माणशी ९९ डॉलर, दुसरी १४५. दोन्हीकडे ट्वेल्व्ह अपोस्टल्स (समुद्रातले खडकाचे खांब), लॉक आर्ड गॉर्ज (कड्यांमधली खाडी), कोआला वगैरे सगळं सारखंच लिहिलंय. मग ४६ डॉलर जास्त कशाचे? स्वस्तवालीत काही गोम असते का? उद्यापर्यंत बुक करायचं आहे. ज्यांनी केली आहे त्यांनीच कृपया सांगावं.

चहाबाज
कधी जाताय? किती जण? जेवण धरून आहे का?

सह्याद्रीचा_वारा
एवढे पैसे घालून समुद्राकाठचा रस्ताच बघायचा, तर रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जा. तोच समुद्र, तीच वळणं, वर आमरस. हलके घ्या.

घाईतला_पुणेकर
@सह्याद्रीचा_वारा, तिकिटं काढून झालीत हो. @चहाबाज, जूनमध्ये. चौघं. जेवणाचं बघावं लागेल.

गाडीवान
चौघं असाल तर टूर घेऊच नका. ९९ x ४ = ३९६ डॉलर! त्यात गाडी भाड्याने येते, पेट्रोल भरून होतं आणि वर पैसे उरतात. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात. आपलं इंग्रजीतलं लायसन्स पर्यटकाला व्हिक्टोरियात (मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे) चालतं. आम्ही जिथे वाटलं तिथे थांबलो. टूरवाले वीस मिनिटं देतात आणि शिट्टी वाजवून हाकलतात. स्वतःच्या गाडीची मजा औरच.

मेलबर्नची_मावशी
मी इथे सोळा वर्षं आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा रस्ता दाखवायची जबाबदारी माझीच, त्यामुळे किती वेळा गेले ते मोजणं सोडून दिलंय. गाडीवान, तुम्ही कुठल्या महिन्यात गेला होतात?

गाडीवान
जानेवारी.

मेलबर्नची_मावशी
वाटलंच. जानेवारीत पावणेनऊपर्यंत उजेड असतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इथे साडेसातला उजाडतं आणि सव्वापाचला अंधार. वर्षातले सगळ्यात लहान दिवस. जाऊन-येऊन पाचशेच्या वर किलोमीटर, त्यातले शेवटचे अडीच-तीन तास काळोखात. संध्याकाळी कांगारू आणि वॉलबी (लहान कांगारूच) रस्त्यावर येतात आणि हेडलाइट बघून बाजूला व्हायचं सोडून तिथेच उभे राहतात. एकच ड्रायव्हर असेल तर मी तरी नको म्हणेन. पुणेकर, चौघं म्हणजे कोण कोण?

घाईतला_पुणेकर
मी, बायको, मुलगा (६) आणि आई (७१). आईला गाडी लागते.

चहाबाज
हे पहिल्याच प्रतिसादात लिहायचं होतं की राव.

मेलबर्नची_मावशी
मग ऐका. सहा वर्षांच्या मुलाला भाड्याच्या गाडीत बूस्टर सीट लागते, कायदाच आहे. तिचं भाडं वेगळं. विम्याचा एक्सेस (नुकसान झालं तर आपल्या खिशातून जाणारा भाग) कमी करायचा तर तेही रोजच्या हिशेबाने वेगळं. गाडीवानांनी हे कुठे धरलंय?

आणि गाडी लागण्याबद्दल. टॉर्कीपासून लॉर्नपर्यंत बरं आहे. लॉर्न ते अपोलो बे हे पंचेचाळीसेक किलोमीटर म्हणजे एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र आणि मध्ये नुसती वळणं. पुढे ऑटवेच्या जंगलात आणखी. आईंना बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट मागा, बुक करतानाच लिहा. गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी, मळमळायला लागल्यावर नाही.

गाडीवान
बूस्टर सीट ऑस्ट्रेलियन मानकाची असेल तर आपली नेता येते विमानातून. आणि विमा बेसिक घ्यायचा, काही होत नाही.

कट्ट्यावरचा_काका
काही होत नाही?? आमच्या भाड्याच्या गाडीच्या काचेवर समोरच्या ट्रकने उडवलेला खडा बसला. तांदळाच्या दाण्याएवढी खूण. गाडी परत देताना मोबाईलचा टॉर्च लावून त्या माणसाने ती शोधली आणि महिन्याभराने कार्डावरून इतके पैसे गेले, की मी बायकोला आकडा अजून सांगितलेला नाही. कंपनीचं नाव घेत नाही.

रेल्वेप्रेमी
कोणीच व्ही-लाइनबद्दल (तिथली सरकारी ट्रेन-बस सेवा) बोलत नाहीये याचं आश्चर्य वाटतं. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून जिलाँगला ट्रेन, तासाभरात. स्टेशनबाहेरच व्ही-लाइनची बस. टॉर्की, अँगलसी, लॉर्न करत अपोलो बेला सोडते, त्याच समुद्राकाठच्या रस्त्याने! मार्च २०२३ पासून अख्ख्या व्हिक्टोरिया राज्यात दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा मेलबर्न शहराएवढीच केली आहे. म्हणजे चौघांचा दिवस तुमच्या एका टूर-तिकिटाच्या निम्म्यात. बजेट बजेट म्हणतात ते हे.

मेलबर्नची_मावशी
आणि अपोलो बेच्या पुढे? अपोस्टल्स तिथून आणखी दीड तास. पुढची बस रोज नसते, आणि असली तरी त्याच दिवशी मेलबर्नला परत येणं जमत नाही.

रेल्वेप्रेमी
अपोस्टल्स बघायलाच हवेत असं कुठे आहे? लॉर्नला उतरा, समुद्र बघा, भजी खा, परत या.

चहाबाज
लॉर्नला भजी?

रेल्वेप्रेमी
आपण नेलेली.

खडूस_मास्तर
मुलगा ६ वर्षांचा ना? मग शाळा नाही का? आपल्याकडे १५ जूनच्या सुमारास शाळा उघडतात. पहिलाच आठवडा बुडवायचा म्हणजे काय.

घाईतला_पुणेकर
मास्तर, बाईंना विचारलंय. कृपया ९९ की १४५ ते सांगा कोणीतरी!!

डोंगरकोळी
१४५ वाली "रिव्हर्स" लिहिलीय का? आम्ही तीच केली होती. सकाळी आतल्या हायवेने कोलॅकमार्गे थेट अपोस्टल्स, बाकीच्या बसेस पोचायच्या आत. मग समुद्राकाठाने परत. आम्ही होतो तेव्हा अपोस्टल्स बघायच्या कट्ट्यावर जेमतेम दहा-पंधरा माणसं. फोटोत अनोळखी डोकी नाहीत. आंख मूंदके घ्या. चोवीस सीटची मिनीबस असते, मोठ्या बसमध्ये पन्नास माणसांची चढ-उतर होण्यातच वेळ जातो.

घाईतला_पुणेकर
हो हो, रिव्हर्सच लिहिलंय. आणि मिनीबस आहे. म्हणजे १४५ फायनल?

मेलबर्नची_मावशी
थांबा. उन्हाळ्यात मी स्वतः रिव्हर्सच सांगते. जूनमध्ये उलटं होतं. हिशेब करा: अपोस्टल्सहून दीड-दोनला निघालात, ऑटवे उतरून अपोलो बेला साडेतीन, कोआला बघून लॉर्नला यायला पाच. म्हणजे ज्या रस्त्यासाठी पैसे भरले, त्याचा शेवटचा तुकडा काळोखात. ईस्टर्न व्ह्यूची लाकडी कमान बसच्या दिव्यात बघाल.

सरळ टूर सकाळी समुद्राकाठाने जाते. लख्ख उजेड, बस पश्चिमेकडे, समुद्र डाव्या हाताला आणि आपली लेनही डावीच, म्हणजे खिडकी आणि पाणी यांच्यात काही नाही. तीन-सव्वातीनला अपोस्टल्स, तेव्हा उन्हाचा रंग बदलायला लागलेला असतो. अंधार पडतो तो परतीच्या हायवेवर, जिथे तसंही गायींशिवाय बघायला काही नाही. जूनमध्ये गर्दीही जानेवारीसारखी नसते. ९९ वाली घ्या. डावीकडची सीट.

डोंगरकोळी
मावशींचं उजेडाचं गणित बरोबर आहे, मान्य. आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो. पण मिनीबसचा मुद्दा राहतोच.

सिडनीकर_सुमा
अपोस्टल्स म्हणजे बारा नाहीतच मुळी, माहितीये ना? नाव पडलं तेव्हाच नऊ होते. त्यातला एक २००५ च्या जुलैमध्ये कोसळला. आता आठ. चुनखडीचे पंचेचाळीस मीटरपर्यंत उंच खांब, लाटा खालून खातच असतात. आणि पुढे लंडन ब्रिज आहे, त्याची किनाऱ्याकडची कमान १९९० च्या जानेवारीत पडली. पलीकडे दोन माणसं अडकली, त्यांना हेलिकॉप्टरने काढलं. म्हणून आता त्याला लंडन आर्च म्हणतात.

कट्ट्यावरचा_काका
म्हणजे दर वर्षी थोडं कमी मिळतं आणि तिकीट वाढतं.

सिडनीकर_सुमा
काका, अपोस्टल्सला प्रवेश फुकट आहे. पैसे बसचे.

अवांतर: हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी बांधला. १९१९ ते १९३२, सुमारे तीन हजार माणसं, बरंचसं काम कुदळ-फावड्याने आणि सुरुंगाने. मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. मावशी म्हणतात ती कमान त्याचीच. तिथे बस थांबते तेव्हा नुसती सेल्फी काढून येऊ नका, शेजारी पुतळा आहे तो बघा.

खाऊगल्ली
आईंना सांगा, घरचे लाडू-चिवडा नेत असाल तर विमानातल्या कार्डावर खाण्याचे पदार्थ आहेत असं स्वच्छ लिहा. लपवलंत तर दंड. लिहिलंत तर फार तर काढून घेतात. माझे बेसनाचे सोडले, शेजारणीचे दुधाचे काहीतरी होते ते टाकायला लावले. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही, जसं काही मीच टाकले.

घाईतला_पुणेकर
लाडवांबद्दल मी विचारलंच नव्हतं, पण धन्यवाद, आईने खरंच केलेत. बरं, ९९ वाली घेतो. फक्त एक बघा, ती परत कधी येते नक्की? वेबसाइटवर "साधारण ८" लिहिलंय. कारण आमची त्याच रात्री ८:४० ची सिडनीची फ्लाइट आहे.

चहाबाज
काय???

मेलबर्नची_मावशी
अहो पुणेकर. "साधारण ८" म्हणजे सदर्न क्रॉसला आठ, तेही रस्ता मोकळा असेल तर. तिथून विमानतळ आणखी अर्धा-पाऊण तास. फ्लाइट गेली समजा.

सिडनीकर_सुमा
तिकिटावर विमानतळाचा कोड काय आहे? एमईएल की एव्हीव्ही?

घाईतला_पुणेकर
एव्हीव्ही. मेलबर्नच लिहिलंय पुढे. का?

सिडनीकर_सुमा
तो अ‍ॅव्हलॉन. मेलबर्नचा मोठा विमानतळ नाही. शहरापासून पन्नासेक किलोमीटर, जिलाँगच्या बाजूला. स्वस्त दिसलं म्हणून घेतलंत ना? आम्हीही एकदा टुलामरीनला, त्या मोठ्या विमानतळावर, जाऊन उभे राहिलो होतो.

गाडीवान
म्हणजे परतीच्या वाटेवरच की! म्हणून म्हणत होतो, गाडी घ्या. साडेचारला अपोस्टल्सहून निघा, कोलॅक, जिलाँग, सातला अ‍ॅव्हलॉन. गाडी तिथेच सोडायची. टूरवाली बस तुम्हाला मध्ये उतरवणार आहे का?

मेलबर्नची_मावशी
अंधारात, कांगारूंच्या रस्त्यावर, घड्याळाकडे बघत, गाडी लागणारी आई आणि मागे सहा वर्षांचं पोर. वा. आणि घेतलेली गाडी दुसरीकडे सोडायचं भाडं वेगळं, तेही सांगा.

गाडीवान
तुम्हाला गाड्यांचा काही राग आहे का?

कट्ट्यावरचा_काका
मला आहे.

सिडनीकर_सुमा
पुणेकर, सिडनीत किती दिवस आहात?

घाईतला_पुणेकर
नऊ. बहिणीकडे. मेलबर्नला फक्त दोन रात्री.

सिडनीकर_सुमा
मग तिसरी रात्र वाढवा आणि फ्लाइट दुसऱ्या दिवशी दुपारची करा. बदलायचे पैसे पडतील, पण चार तिकिटं वाया जाण्यापेक्षा कमी. आणि ते जमत नसेल तर मेलबर्नला नुसतं शहर बघा, समुद्राकाठचा रस्ता इथे सिडनीच्या दक्षिणेलाही आहे. ट्रेनने कोलक्लिफ स्टेशनला उतरायचं, ओपल कार्डावर (सिडनीचं ट्रेन-बसचं कार्ड). तिथून चालत सी क्लिफ ब्रिज. ६६५ मीटरचा पूल, २००५ सालचा, कड्याला चिकटून थेट समुद्रावरून वळत जातो. वरून दगड पडून जुना रस्ता बंद करावा लागला, म्हणून रस्ताच पाण्याकडे सरकवला. याच लाइनवर पुढे कायामा, तिथे खडकाच्या भोकातून पाणी उडतं. अपोस्टल्स नाहीत, पण आईंना एकही वळण नाही.

रेल्वेप्रेमी
+१००. शेवटी ट्रेनच.

सह्याद्रीचा_वारा
आरे-वारे अजून तिथेच आहे.

घाईतला_पुणेकर
सगळ्यांचे आभार. फ्लाइट बदलली, दुसऱ्या दिवशी दुपारी १:१० ची. चौघांचे मिळून बदलायचे जितके गेले तितक्यात १४५ वाली आली असती, बायकोने हे दोनदा बोलून दाखवलंय. ९९ वाली बुक केली, पहिली सीट लिहून मागितली. जेवण धरून नाही.

मेलबर्नची_मावशी
अपोलो बेला जेवायला थांबतात. बटाट्याचे चिप्स सगळीकडे मिळतात, फक्त ते कुठल्या तेलात तळलेत ते विचारा, मासे त्याच कढईत असतात. थेपले न्या. आणि कानटोपी. छत्री नको, त्या वाऱ्यात छत्रीचा उपयोग उडवण्यापुरताच.

घाईतला_पुणेकर
(तीन आठवड्यांनी)
कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. टूर झाली. आई पहिल्या सीटवर, गोळी घेऊन, लॉर्न ते अपोलो बे ड्रायव्हरशी हिंदीत गप्पा मारत आली. तो जालंधरचा निघाला. गाडी लागली ती मला. मागे बसलो होतो आणि फोनमध्ये नकाशा बघत होतो.

केनेट रिव्हरला कोआला म्हणजे झाडाच्या बेचक्यात अडकलेलं राखाडी गाठोडं. मुलाने विचारलं, हा खरा आहे का? मग त्याने एक कान हलवला. कोआलाने. गिब्सन स्टेप्स (खाली किनाऱ्यावर उतरायच्या पायऱ्या) मोठ्या लाटांमुळे बंद होत्या. अपोस्टल्सला सव्वातीनला पोचलो, खांबांच्या एका बाजूला पिवळं ऊन, दुसऱ्या बाजूला काळं. आई सात मोजत होती, मुलगा आठ, दोघांचं भांडण गॉर्जपर्यंत चाललं. मुलाची टोपी गेली. परतताना मिट्ट काळोख, सगळी बस झोपलेली, सदर्न क्रॉसला पोचायला ८:२५ झाले. मी घड्याळ बघितलं आणि मावशींची आठवण झाली.

लाडू कार्डावर लिहिले होते. सोडले.

खाऊगल्ली
शेजारणीला दाखवते हे.

नवी_भटकी
छान धागा! आम्हीही जातोय, ग्रेट ओशन रोडला. कुठल्या बाजूची सीट घेऊ? जरा लवकर सांगा, आज रात्री बुक करायचंय.

मेलबर्नची_मावशी
आधी सांगा: महिना कुठला, माणसं किती, गाडी कोणाला लागते, आणि परतीचं विमान कधी नि कुठून.