मदत हवी आहे: कॉलेजच्या कन्फेशन पेजवरून भाचीचा छळ

भाची पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. तिच्या कॉलेजच्या नावानं इन्स्टाग्रामवर एक कन्फेशन पेज चालतं. कोण चालवतं कुणालाच माहीत नाही. गूगल फॉर्म भरायचा, मजकूर निनावी येतो. दिवाळीनंतर तिथे तिच्याबद्दल घाणेरडं यायला लागलं. आधी नुसती आद्याक्षरं आणि ब्रँच, मग गॅदरिंगच्या फोटोवरून बनवलेलं अश्लील चित्र. ते वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फिरलं. हसण्याच्या इमोजी टाकणाऱ्यांत तिच्यासोबत रोज जेवणाऱ्या मुलीही होत्या, हे तिला जास्त लागलंय. मेसमध्ये जाणं सोडलंय तिनं.

हे तिनं फक्त मला सांगितलंय. घरी कळलं तर शिक्षण थांबवतील अशी तिला भीती आहे, आणि भावोजींचा स्वभाव पाहता ती खोटी नाही. ती सज्ञान आहे, त्यामुळे तिला विचारल्याशिवाय मी काहीही करणार नाही.

पेज रिपोर्ट करण्याआधी सगळ्या पोस्टचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट घेतले, लिंक आणि युजरनेम लिहून ठेवलं. पोस्ट उडाली की हातात काहीच राहत नाही. स्टॉपएनसीआयआय या, अशी चित्रं पसरणं रोखणाऱ्या साइटवर चित्राची नोंदही केली. तिथे चित्र फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा जातो. हे कळल्यावरच ती तयार झाली. रात्री झोप येत नाही म्हणते, म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलाय.

आता अडलंय ते इथे. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. पण पेजमागचा माणूस शोधायचा तर माहिती पोलिसांनाच मागवावी लागेल, म्हणजे रीतसर गुन्हा नोंदवणं आलं. आयटी कायद्याचं कलम ६७ किंवा ६७अ लागेल असं वाटतं. सज्ञान मुलीनं तक्रार दिली तर पोलीस घरी कळवतात का? कुणाचा प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा.

दुसरं, यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे (लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणारी समिती) तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. ती मुदत सरत आलीये. करणारा कोण हे माहीत नसताना समिती तक्रार घेते का?

"अकाउंट बंद कर" हा सल्ला कृपया नको. चित्र इतरांच्या फोनमध्ये आहे. तिनं अकाउंट बंद केलं तर पुढे काय टाकलं जातंय तेवढंच तिला कळायचं थांबेल.

पुण्यात अशा केसेस हाताळणाऱ्या, शक्यतो महिला, वकील कुणाला माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.