डी अँड डी फिफ्थ एडिशनचा डीएम म्हणून वैताग आलाय, टेबल न मोडता पुढे काय खेळावं?

रविवारचा_डीएम:

नमस्कार मंडळी. पुण्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, पासे टाकत गोष्ट घडवायचा रोल-प्लेइंग खेळ) खेळणारा आमचा छोटा ग्रुप आहे, चार प्लेअर आणि मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. लॉकडाऊनमध्ये डिस्कॉर्डवर सुरू झालेलं कॅम्पेन (सेशनमागून सेशन चालणारी कथा) आता रविवारी कोणाच्या तरी घरी बसून चालतं. सिस्टिम, म्हणजे नियमांचा संच, फिफ्थ एडिशन, २०१४ ची पुस्तकं. कॅरॅक्टर्स अकराव्या लेव्हलला पोचलीत आणि मला आता खरंच नको झालंय. लोकांचा कंटाळा नाही, लोक माझे जिवाभावाचे आहेत, सिस्टिमचा कंटाळा आलाय.

परवाचंच सांगतो. दलदलीतला ॲडल्ट ब्लॅक ड्रॅगन, ज्याची हवा मी कितीतरी सेशन्स आधीपासून करत होतो, तो एकदाचा समोर आला. विझार्डने बॅनिशमेंट (शत्रूला दुसऱ्या जगात हाकलणारा स्पेल, म्हणजे मंत्र) टाकला, ड्रॅगनचा सेव्ह (स्पेलपासून वाचायचा पासा) फेल, मी म्हणालो लेजेंडरी रेझिस्टन्स (फसलेला सेव्ह पास करून घ्यायची बड्या मॉन्स्टरची सवलत, दिवसातून तीनदा), पास. बार्डने होल्ड मॉन्स्टर (शत्रूला जागीच खिळवणारा) टाकला, परत सेव्ह फेल, परत लेजेंडरी रेझिस्टन्स. मग पॉलिमॉर्फ (रूप बदलून टाकणारा), परत तेच. तीन चांगले स्पेल वाया गेले आणि टेबलवर घडलं काय तर मी कागदावर तीन टिका केल्या, बस. चौथ्या वेळेला होल्ड मॉन्स्टर लागला, ड्रॅगन पॅरलाइज, आता जवळून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल (दुप्पट पाशांचा), फायटरने ॲक्शन सर्ज (त्याच टर्नला जादा ॲक्शन) मारला, रोगचा (Rogue, चोरटा लढवय्या) स्नीक अटॅक डबल, आणि १९५ हिट पॉइंटचा ड्रॅगन पुढच्या राउंडपर्यंत खलास. म्हणजे एक तर काहीच होत नाही नाहीतर सगळं एकदम संपतं, मधलं काही नाहीच, आणि एवढ्याला अख्खी दुपार गेली कारण प्रत्येक जण आपली टर्न आली की मग कॅरॅक्टर शीट वाचायला घेतो.

दुसरं दुखणं रेस्टचं, म्हणजे विश्रांती घेऊन ताकद परत मिळवण्याचं. डीएमच्या पुस्तकात धरून चाललेत की पार्टी एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण एन्काउंटर (लढती) झेलेल. आमच्याकडे एका सेशनला एक मारामारी होते, फार तर दोन. कुठल्या गोष्टीत माणसं एका दिवसात आठ वेळा जिवावर उदार होऊन लढतात? मग विझार्ड आणि बार्ड पहिल्याच लढाईत सगळे मोठे स्लॉट (रेस्ट होईपर्यंत पुरवायचा स्पेलचा कोटा) ओततात आणि फायटर, रोग नुसते बघत बसतात. हे आवरायला मीच दर आठवड्याला नवीन मॉन्स्टर बनवायचे, हिट पॉइंट वाढवायचे, काहीतरी घाई निर्माण करायची. तयारीतच जीव जातो. २०२४ ची पुस्तकंही चाळली, फायटरला वेपन मास्टरी मिळालीय, मॉन्स्टर जरा धारदार झालेत, पण इंजिन तेच आहे.

ग्रुप असा की दोघांना कॅरॅक्टर बिल्ड करायला मनापासून आवडतं, तासन् तास फीट्स (कॅरॅक्टरची जादा कौशल्यं) बघत बसतात. बाकी दोघींना राजकारण, एनपीसींशी (डीएम चालवतो त्या पात्रांशी) बोलणं, डाव टाकणं यात रस. कोणीही सहाशे पानं वाचणार नाही. बाहेरून पुस्तकं मागवली तर शिपिंगसकट खिशाला भोक पडतं, म्हणून फुकट किंवा स्वस्तातलं पीडीएफ असेल तर बरं.

काय करू? सिस्टिम बदलू? बदलली तर कुठली?

तीन_ॲक्शनवाला:

तुमचं पहिलं दुखणं पाथफाइंडर सेकंड एडिशनमध्ये (डी अँड डीसारखीच दुसरी सिस्टिम) बऱ्यापैकी जातं, आणि हे मी फॅन म्हणून नाही, दोन्ही सिस्टिम चालवलेला जीएम (इथे डीएमला जीएम म्हणतात) म्हणून सांगतोय. (इकडे न्यू जर्सीत आमचा सगळा मराठी-गुजराती ग्रुप फिफ्थमधून इकडे आला.)

इथे टर्नला तीन ॲक्शन, बस. चालणं एक, वार एक, ढाल उचलणं एक, बहुतेक स्पेल दोन. मूव्ह वेगळी, बोनस ॲक्शन वेगळी ही भानगडच नाही. तिन्ही वेळा वार करता येतो पण दुसऱ्या वाराला उणे ५ आणि तिसऱ्याला उणे १०, म्हणून फायटरसुद्धा विचार करतो की तिसरी ॲक्शन शत्रूला घाबरवण्यात घालवू की मागे सरकण्यात. आणि टार्गेट नंबरपेक्षा १० ने जास्त आलं की क्रिटिकल, म्हणून एक-दोनचे बोनस पण जीव तोडून गोळा केले जातात. बार्ड टेबलवर हिरो होतो.

लेजेंडरी रेझिस्टन्स इथे नाहीच. त्याऐवजी एका फटक्यात लढाईतून बाद करणाऱ्या स्पेलांवर इनकॅपॅसिटेशन ट्रेट असतो, समोरचा लेव्हलने बराच वरचा असेल तर त्याचा निकाल एक पायरी सुधारतो. आणि बऱ्याच स्पेलमध्ये सेव्ह पास झाला तरी थोडा परिणाम होतोच, म्हणजे टर्न पूर्ण वाया जात नाही. हा फरक खेळताना फार जाणवतो.

जीएमसाठी खरी चैन म्हणजे एन्काउंटरचं गणित. चार जणांच्या पार्टीला मॉडरेट म्हणजे ८० एक्सपी (अनुभवाचे गुण, इथे लढाईचं वजन मोजायलाही तेच), सिव्हिअर १२०, एक्स्ट्रीम १६०. पार्टीपेक्षा दोन लेव्हल वरचा एक प्राणी म्हणजे ८०. सिव्हिअर लिहिलंय म्हणजे घाम फुटतोच. बरं, ते प्रत्येक लढाई स्वतंत्र मोजतात, लढाई झाल्यावर जखमा भरायला वेळ मिळाला की हिट पॉइंट परत, त्यामुळे तुमचं सहा-आठ एन्काउंटरचं झंझट बरंच कमी होतं. कास्टरचे स्लॉट मात्र दिवसाचेच आहेत.

पैशाचा प्रश्न तर नाहीच. सगळे रूल्स आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर कायदेशीररीत्या फुकट. बिल्डवाले दोघं पहिल्याच दिवशी गायब होतील तिथे.

मशाल_आणि_दोर:

मला वेगळं वाटतं. वर जे सांगितलंय ते बरोबर आहे पण त्याने तुमची तयारी कमी होणार नाही, नुसती जास्त अचूक होईल. लढाई बॅलन्स करायची हा डीएमचा उद्योगच का असावा?

मी गेली काही वर्षं ओल्ड स्कूल एसेन्शियल्स चालवतेय. हे म्हणजे १९८१ च्या बेसिक-एक्स्पर्ट डी अँड डीचे रूल्स, नीट मांडून लिहिलेले. बॅलन्स नाही. समोर काय आहे ते प्लेअरने बघायचं, झेपणार नसेल तर पळायचं. आणि त्यासाठी रूल्स मदत करतात. कोणी भेटलं की दोन सहाचे पासे टाकून रिअ‍ॅक्शन बघायची, २ म्हणजे अंगावर येणार, १२ म्हणजे मैत्री, मधे सगळ्या छटा. लढाईत पहिला गडी पडला की मोराल चेक (ते कच खातात का याचा पासा), निम्मे पडले की परत. बहुतेक प्राणी मरेपर्यंत लढत नाहीत, आणि का लढतील?

आमच्याकडे झालं ते ऐका. पार्टी खालच्या भुयारात, समोर आठ-नऊ गॉब्लिन, मी रिअ‍ॅक्शन टाकली तर ९ आले. म्हणजे गॉब्लिन लगेच तुटून पडणार नाहीत. मला स्वतःला माहीत नव्हतं ते का थांबले. आमची थीफ म्हणाली ह्यांना विचारते वरचा दरवाजा कोणी बंद केला. त्यावरून ठरलं की गॉब्लिनसुद्धा आत अडकलेत आणि त्यांच्याकडे खायला काही नाही. तिने आपल्या पिशवीतलं वाळवलेलं मांस दिलं, बदल्यात त्यांनी मागचा रस्ता दाखवला, आणि पुढे ते गॉब्लिन कॅम्पेनमधले कायमचे लोक झाले, त्यांचा म्होरक्या अजून आमच्या थीफकडे उधारी मागतो. माझी तयारी किती होती? एक नकाशा आणि अर्ध्या पानाच्या नोंदी.

एक्सपी मुख्यतः खजिन्याला मिळतात, मारामारीचे किरकोळ. त्यामुळे लढाई टाळून सोनं बाहेर काढणं हाच शहाणपणा, आणि तुमच्या राजकारणवाल्या दोघी ह्यात चमकतील. बेसिक रूल्सचं पीडीएफ फुकट मिळतं. आणखी आधुनिक हवं तर शॅडोडार्क बघा, २०२३ चं आहे, त्यात मशाल घड्याळाच्या खऱ्या एका तासात विझते, टेबलवर टायमर लावायचा, गप्पा आपोआप आटोपत्या होतात.

बिल्डवाले दोघं कुरकुर करतील हे आधीच सांगते. पहिल्या लेव्हलचं कॅरॅक्टर पाच मिनिटांत तयार होतं आणि दहाव्या मिनिटाला मरू शकतं.

तीन_ॲक्शनवाला:

@मशाल, अकराव्या लेव्हलचा विझार्ड खेळलेल्या माणसाला चार हिट पॉइंट आणि एक स्पेल देऊन बसवलंत तर तो पुढच्या रविवारी येणारच नाही, खरं सांगा. कॅरॅक्टर घडवण्यातली मजा ही पण खरी मजा आहे, तिला खालच्या दर्जाची का मानायची?

मशाल_आणि_दोर:

खालच्या दर्जाची नाही म्हणत. पण ती मजा घरी एकट्याने होते आणि तिचं ओझं टेबलवर डीएम उचलतो. दादांचा प्रश्न तोच आहे ना?

चौथा_प्लेअर:

मी डीएम नाही, फक्त प्लेअर आहे, आणि मला फिफ्थ आवडते. स्पेल वाचायला आवडतात, माझी वॉरलॉक आवडते. सिस्टिम बदलायच्या आधी एक करून बघा: त्याच डीएमच्या पुस्तकात ग्रिटी रिअ‍ॅलिझमचा पर्याय दिलाय, शॉर्ट रेस्ट आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा. तुमचे सहा एन्काउंटर मग एका दिवसात नाही, आठवडाभरात पसरतात, आणि कथेला श्वास मिळतो. आमच्या डीएमने हे केल्यापासून विझार्ड स्लॉट जपून वापरतो. आणि नवीन कॅम्पेन आठव्या-नवव्या लेव्हलला थांबवा, त्याच्या वर सगळीकडे हीच रड आहे.

कोयंडा:

सगळं वाचलं. मला वाटतं आधी एक बघा, तुमच्या सिस्टिममध्ये एक्सपी कशाला मिळतो. टेबलवर लोक शेवटी तेच करतात. फिफ्थमध्ये पुस्तकाप्रमाणे चाललं तर तो मुख्यतः शत्रू हरवल्याचा मिळतो. मशालताईंच्या खेळात सोन्याचा. आणि मी जो सुचवणार आहे, ब्लेड्स इन द डार्क, जॉन हार्परचा, २०१७ चा, त्यात एक्सपी मिळतो जिवावरची जोखीम घेतल्याचा आणि आपल्या स्वभावाप्रमाणे, आपल्या खोडींमुळे अडचणीत आल्याचा. तुमच्या दोघींना काय हवंय ते तुम्हीच लिहिलंय, डाव टाकणं. हा अख्खा खेळ डाव टाकण्याचा आहे.

तुम्ही सगळे डॉस्कव्होल नावाच्या काळोख्या शहरातली टोळी. चोरी करायची तर प्लॅनिंगमध्ये तीन तास घालवायचे नाहीत. प्लॅनचा प्रकार ठरवायचा, एक तपशील ठरवायचा, पासा टाकायचा आणि थेट घटनेच्या मध्यात. सामानसुद्धा आधी लिहायचं नाही, फक्त ओझं हलकं, मध्यम की जड ते सांगायचं, दोर लागला की तेव्हा टिक करायची. आणि फ्लॅशबॅक! आमच्या टेबलवर एकदा पहारेकऱ्याने टोळीला गोदामाच्या दारात धरलं, सगळे गार. आमच्यातली एक म्हणाली थांबा, मी काल संध्याकाळी ह्याच्या बायकोला भेटले होते, त्याचं सावकाराचं देणं मी फेडलंय. जीएमने एक स्ट्रेस (ताणाचा गुण) लावला, तिने पासे टाकले, सगळ्यात मोठा पासा ५. म्हणजे जमलं, पण किंमत मोजून. पहारेकऱ्याने सोडलं, पण आता तो सावकार विचारतोय की हे पैसे आले कुठून. पुढची कितीतरी सेशन्स त्या एका ५ वर चालली, आणि जीएमने आधी त्यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

हेच डीएमचं सुख आहे. १ ते ३ गडबड, ४-५ जमलं पण लफडं, ६ पूर्ण यश. दोन-तीन पासे टाकले की सगळ्यात जास्त ४-५ येतात, म्हणून गोष्ट आपोआप पुढे सरकते. जीएम पासेच टाकत नाही म्हटलं तरी चालेल. शत्रूचे हिट पॉइंट नाहीत, एक क्लॉक (तुकडे पाडलेलं वर्तुळ) काढायचं, चार, सहा किंवा आठ तुकड्यांचं, आणि भरत जायचं. स्ट्रेसचा नववा, शेवटचा खण भरला की ट्रॉमा (मनावरचा कायमचा घाव), चौथ्या ट्रॉमाला कॅरॅक्टर निवृत्त. बिल्डवाल्यांसाठी स्वतःच्या कॅरॅक्टरबरोबरच टोळीचंसुद्धा शीट असतं, इलाके जिंकायचे, अड्डा वाढवायचा, त्यात ते रमतात असा माझा अनुभव. रूल्सचा मूळ गाभा वेबसाइटवर फुकट आहे.

अडचण एकच. ज्याला नकाशावर मिनिएचर सरकवत पाऊल-पाऊल लढायचंय त्याला हे म्हणजे दुधाची तहान ताकावर. त्याला ब्लेड्स देऊ नका, त्याला पाथफाइंडरच द्या.

रविवारचा_डीएम:

सगळ्यांचे मनापासून आभार, काल ग्रुपला हा धागा दाखवला आणि बराच वेळ बोलणं झालं. गंमत म्हणजे बिल्डवाल्यांपैकी एक जण म्हणाला की त्यालाही ड्रॅगनच्या लढाईत मजा आली नव्हती, फक्त माझी मेहनत दिसत होती म्हणून बोलला नाही. दुसऱ्याला मात्र अकराव्या लेव्हलच्या पुढे जायचंच आहे.

तर ठरलं असं: चालू कॅम्पेन @चौथा_प्लेअर यांनी सांगितलेल्या रेस्टच्या रूलवर घेऊन ह्याच कथेच्या शेवटापर्यंत न्यायचं, अर्धवट सोडायचं नाही, कारण राजकारणवाल्या दोघींनी कथेतल्या राजघराण्यात खूप जीव ओतलाय. ते चालू असतानाच महिन्यातून एक रविवार ब्लेड्स. पाथफाइंडर त्या दुसऱ्या गड्याला चालवायची आहे, मी प्लेअर म्हणून बसेन, आणि खरं सांगतो, मला त्याचाच जास्त आनंद झालाय, इतकी वर्षं मला कोणी प्लेअर म्हणून बसूच दिलं नव्हतं. मशालताई, ओल्ड स्कूलला ह्या ग्रुपमध्ये एकच मत पडलं, माझं. पण रिअ‍ॅक्शन आणि मोराल मी ह्याच कॅम्पेनमध्ये उद्यापासून घुसवतोय, दोन पासेच तर आहेत.

@कोयंडा, ब्लेड्सच्या पहिल्या सेशनला काय सांभाळू?

कोयंडा:

प्रत्येक रोलच्या आधी पोझिशन (धोका किती) आणि इफेक्ट (परिणाम किती) मोठ्याने सांगा. "हे डेस्परेट आहे, चुकलं तर पकडली जाशील, जमलं तरी थोडंच जमेल." मग प्लेअरला विचार बदलू द्या, स्वतःला ढकलून दोन स्ट्रेस देऊन एक पासा वाढवू द्या, किंवा तुमच्याशी घासाघीस करू द्या. फिफ्थमधून आलेले डीएम टार्गेट नंबर मनात ठेवतात, त्या सवयीने इथे लोक गोंधळतात. आणि पहिली चोरी लहान ठेवा, एकाच घरातली, एक सहा तुकड्यांचं क्लॉक सावध होणाऱ्या पहाऱ्याचं, टेबलच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं.