डिसेंबरात तिसरीसाठी कोणते उपक्रम घ्यावेत?

प्रश्न : जळगावजवळची शाळा. 'हिवाळा' विषयावर बिनखर्चाचं काय घेता येईल?

उत्तर १ : सावली मोजा, सर. जमिनीवर एक मीटर काठी ओळंब्याने (दोरीला वजन बांधून) सरळ उभी करा. कलली की माप फसतं. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. 22 डिसेंबरला सर्वांत आखूड सावली 12:25च्या आसपास, साधारण 98 सेंमी. घड्याळाच्या बाराला मोजू नका, आपल्याकडे मध्यान्ह उशिरा होते. 20 जानेवारीला पुन्हा मोजा, सावली 87 सेंमीच्या आसपास येईल. हा फरक मुलांनी स्वतःच शोधावा!

उत्तर २ : कपाशी घ्या. 30 ग्रॅम कापूस उन्हात वाळवून सरकी (बी) काढा. ओलसर असला तर रुई (बीवरचे तंतू) सुटत नाही. रुई जेमतेम 10 ग्रॅम भरते.

उत्तर ३ : सरकी तोंडात घालू देऊ नका.