नेतृत्वाचा पेपर हवाच कशाला? (चर्चा)

गंगापूररोडकर:
पुतणी इथेच नाशिकला एमबीए करतेय. परवा तिच्या नोट्स चाळल्या. नेतृत्व या विषयाला अख्खा पेपर! कर्ट लेविनचा १९३९ चा प्रयोग, ब्लेक-माउटनची १९६४ ची ग्रिड (नेत्याला कामाची किती आणि माणसांची किती फिकीर, ते १ ते ९ मध्ये मांडणारा तक्ता), फीडलर, हर्सी-ब्लँचर्ड यांचे नेतृत्वाचे सिद्धांत, सगळं पाच-पाच मुद्द्यांत बसवलेलं. ग्रिडवर ९,९ म्हणजे काय ते पोरगी फाडफाड सांगते. गॅदरिंगच्या कमिटीत भांडण लागलं तेव्हा मात्र हिच्या तोंडून शब्द फुटला नाही. माझ्या मते हा पेपर काढून टाका आणि तेवढे तास पोरांना लासलगावच्या बाजार समितीत किंवा अंबडच्या कारखान्यांत पाठवा. दलितांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांनी हजारो माणसं उभी केली, ती कुठल्या थिअरीवर?

तिसरी_पाळी:
अंबडलाच सुपरवायझर आहे, म्हणून बोलतो. लेविनच्या प्रयोगात शाळकरी पोरांचे गट होते. जिथे म्होरक्या नुसते हुकूम सोडायचा, तिथे तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. जिथे पोरांना विचारून ठरायचं, तिथे तो नसतानाही चालू राहायचं. आता आमच्या लाइनवर या. दर तासाला गेज (मापायचं साधन) लावून तयार भागाचं माप चेकशीटवर लिहायचं असतं. मॅनेजरची गाडी गेटबाहेर पडली की रात्रभराची मापं पहाटे एका दमात भरली जातात, एकच पेन, एकच अक्षर, आकडेही सगळे ठरलेल्या मर्यादेच्या मधोमध. ऑफिसात याला ‘पोरं कामचुकार’ म्हणतात आणि अजून एक कॅमेरा बसवतात. मुक्त विद्यापीठातून नोकरी करत शिकताना तो प्रयोग वाचला, तेव्हा कळलं की दोष पोरांइतकाच हुकमाच्या पद्धतीतही आहे. पेपर फालतू नाही, काका.

गंगापूररोडकर:
अहो, पण तुम्ही आधी लाइन पाहिलीत, मग पुस्तक वाचलंत. माझ्या पुतणीने कारखान्याचं गेटही पाहिलेलं नाही. माझा मुद्दा तोच तर आहे.

खडू_फळा:
हाच विषय शिकवतो, तेव्हा थोडं लांबेल. काळारामाचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि काही वर्षं चालला. एका दिवसाची गर्दी जमवणं वेगळं, मार खाऊन, गावोगावी बहिष्कार सोसून माणसं पुन्हा पुन्हा येत राहणं वेगळं. मधल्या काळात बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला, इथली आघाडी दादासाहेबांकडे, आणि दोघांत पत्रव्यवहार. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी त्यांना कळवलं की आता हा लढा थांबवावा. मूर्तिपूजक व्हायचं म्हणून तो सुरू केला नव्हता, दलितांत चेतना यावी आणि त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून केला होता. पुढच्याच वर्षी १३ ऑक्टोबरला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही येवल्याची घोषणा झाली. चालता लढा कधी थांबवायचा आणि ते कार्यकर्त्याला कसं सांगायचं, यावर एक अख्खा तास घेता येतो. आम्ही पंचवटीपासून हाकेच्या अंतरावर बसून स्टीव्ह जॉब्स शिकवतो. लाज त्याची वाटायला हवी, थिअरीची नाही.

निफाडचा_बागायतदार:
सर, पण बाबासाहेब कोलंबियात शिकले ते अर्थशास्त्र. नेतृत्वाचा डिप्लोमा नव्हे! शरद जोशी घ्या. बर्नला टपाल संघटनेत नोकरी करून आलेला माणूस. १९८० मध्ये कांदा-उसासाठी आमच्या भागातले शेतकरी रस्त्यावर बसले, कारण त्यांनी उत्पादन खर्चाचा हिशोब आकड्यांत मांडला आणि तो प्रत्येकाच्या घरातला निघाला. विषय पक्का असला की माणसं मागे येतात. विषयच नाही आणि नेतृत्व तेवढं शिकलोय, असे साहेब आमच्या शेतकरी कंपनीत मुलाखतीला येतात. द्राक्षाची छाटणी एप्रिलमधली कोणती आणि ऑक्टोबरमधली कोणती ते माहीत नाही, पण ‘टीम मोटिव्हेट करीन’ म्हणतात.

खडू_फळा:
खर्चाचा हिशोब येणारे कृषी विद्यापीठांत तेव्हाही होते. रस्त्यावर कोणी बसलं नाही त्यांच्यासाठी. तो फरक कशाने पडला, हाच अभ्यासाचा विषय! ‘जन्मजात गुण’ हे उत्तर पुरत नाही, हे नेतृत्वाचा अभ्यासक स्टॉगडिलने १९४८ मध्येच जुने अभ्यास तपासून दाखवलंय. बाकी तुमच्या मुलाखतींबद्दल सहमत, वाईट वाटतं इतकं सहमत.

सेकंड_इयर:
मी सध्या याच पेपरला बसलेय (दुसरं कॉलेज, काकांची पुतणी नाही 🙂). फीडलरची प्रश्नावली असते: ज्याच्याबरोबर काम करणं सगळ्यात नकोसं वाटलं, त्या माणसाला १ ते ८ गुण द्यायचे. आमच्या वर्गात अर्ध्या लोकांच्या डोक्यात एकच नाव होतं, ग्रुप प्रोजेक्टला फक्त पीपीटीवर नाव टाकायला येणारा. तो शेवटच्या बाकावर बसून स्वतःही भरत होता. कोणीतरी हसलं, तो उठून गेला. खरा वर्ग तिथे सुरू व्हायला हवा होता. सर म्हणाले, "शीट्स जमा करा, इंटर्नलला धरणार आहे." पेपर ठेवा, पण ही लेखी परीक्षा घालवा.

गंगापूररोडकर:
लेखी घालवली तर मार्क कोण देणार? सरच ना? मग पोरं सरांपुढे नेतृत्व करून दाखवतील.

तिसरी_पाळी:
मार्क ऑपरेटरना देऊ द्या. महिनाभर पोरगं लाइनवर ठेवा, रात्रीच्या पाळीला, आणि शेवटी त्यांनाच विचारा, याला परत घ्यायचं का.

निफाडचा_बागायतदार:
याला माझी हरकत नाही. पण आधी गेज वाचायला शिकवा.